ताटाआधी शेतातून गेलेली ज्वारी

आरोग्यासाठी आणि पर्यावरणासाठी ज्वारीच्या भाकरीकडे वळा, असा सल्ला आज सर्वत्र दिला जातो. यवतमाळात तो काहीसा विचित्र वाटतो. ज्वारी हे येथील मुख्य अन्नच होते. ती ताटातून जाण्याआधी शेतातून गेली.

१८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस कमी पडू लागला आणि येथील काळ्या मातीत कापूस पसरत गेला. कापूस खाऊन जगता येत नाही, हे १८९९-१९०० च्या दुष्काळाने दाखवले.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा वाण आला. तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील गहुलीचे. संकरित बियाण्याचा त्यांनी हिरिरीने प्रसार केला. उत्पादन वाढले, हे नाकारता येणार नाही. परंतु ‘हायब्रिड’चे धांडे ठेंगणे, म्हणून कडबा कमी, आणि पीक लवकर पक्व होत असल्याने पावसात सापडलेली कणसे काळी पडत. भाकरीची चव गेली, ही तक्रार वेगळीच.

पुढे सोयाबीन आले. आज शेतात कापूस-सोयाबीन आणि रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ असताना येथील शेतकऱ्याने ज्वारी ‘निवडावी’ ती कोठून?