दोन गच्च्या आणि एक चर्च

आमच्या विचुंब्यात हळद म्हटली की ब्रास बँड आलाच. नवरीच्या अंगाला हळद लागायच्या आधी शेजाऱ्यांच्या कानाला ट्रंपेट लागतं! धाकटे काका तीस वर्षं असंच ट्रंपेट वाजवत आले. मग दमा सुरू झाला आणि ट्रंपेट माळ्यावर गेलं. गेल्या वर्षी त्यांच्याच मुलीची हळद ठरली, तेव्हा म्हणाले, "मी वाजवणार." काकी म्हणाली, "दम कुठून आणणार?"

तेव्हा मला आठवला जिओव्हानी गाब्रिएली. (हसू नका मंडळी, सांगतो.)

व्हेनिसचं सेंट मार्क चर्च म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाचं, डोजेचं, स्वतःचं प्रार्थनागृह. १०९४ साली त्याचं अर्पण झालं. शहराचं कॅथेड्रल मात्र ते थेट १८०७ मध्ये झालं. त्यामुळे तिथला सण हा धर्माचा तसाच दरबाराचाही. आत समोरासमोर दोन सज्जे, दोन्हीकडे ऑर्गन. मग संगीतकारांना सुचलं की गाणारे-वाजवणारे दोन गटांत विभागावेत आणि एकाने हाक द्यावी, दुसऱ्याने ओ द्यावी. १५६८ पासून तिथे पगारी वादक होते. गाब्रिएली १५८५ मध्ये तिथला ऑर्गनवादक झाला आणि १५९७ साली त्याचा मोठा संग्रह छापून आला.

त्यातली एक रचना मला फार आवडते, 'सोनाता पियान ए फोर्ते'. एका गटात कॉर्नेट आणि तीन ट्रॉम्बोन, दुसऱ्या गटात एक व्हायोलिन आणि तीन ट्रॉम्बोन. (हे कॉर्नेट आपल्या बँडमधलं नव्हे. लाकडाचं, वर कातडं मढवलेलं, पण तोंडाने फुंकायचं ट्रंपेटसारखंच.) कोणतं वाद्य कुठे, हळू कुठे आणि जोरात कुठे, हे छापून सांगणाऱ्या अगदी सुरुवातीच्या रचनांपैकी ही एक. युक्ती साधी आहे. एकच गट वाजतो तेव्हा 'हळू', दोन्ही मिळून वाजतात तेव्हा 'जोरात'. सूर लांब आणि संथ, कारण त्या घुमटांखाली आवाज बराच वेळ रेंगाळतो. तिथे घाई केली तर नुसता गलका होईल. म्हणून मला वाटतं, ही रचना अर्धी गाब्रिएलीची आणि अर्धी त्या इमारतीची.

योगायोग बघा, १५९६ साली, म्हणजे तो संग्रह छापायच्या आदल्याच वर्षी, गोव्यात हळदोण्याचं सेंट थॉमस चर्च उभं राहिलं. त्याच हळदोण्याचा चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, पुढे मुंबईत ट्रंपेटवर राज्य करून गेला आणि आपल्या सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली अशी कितीतरी पोरं हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात आली, आणि त्यांनी फुंकलेले सूर आज आमचे बँडवाले हळदीत वाजवतात. अर्थात बँडचा गणवेश आणि ढोलाचा ठेका इंग्रजांच्या पलटणींकडून आलेला, तेही खरंच. असो.

मुद्दा दमाचा होता. दोन गट आळीपाळीने वाजवतात तेव्हा एकाला श्वास घ्यायला उसंत मिळते! मी काकांसाठी आठ ओळींची चाल बांधली. संगीतकार वगैरे मी नाही, पण हार्मोनियम येते. चार मात्रा आमच्या गच्चीवरून काका, चार मात्रा समोरच्या गच्चीवरून त्यांचा शिष्य. शेवटच्या दोन ओळी दोघांनी मिळून, जोरात.

हळदीच्या रात्री सुरुवात झक्क झाली. वर घुमट नव्हता, त्यामुळे आवाज सरळ आभाळात विरत होता आणि माझे लांब सूर जरा पोरके वाटत होते. पोरं खाली थबकून एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होती. काकी हळदीची वाटी हातात धरून फक्त वर बघत होती.

सहाव्या ओळीनंतर काकांनी ट्रंपेट ओठांपासून काढलं. समोरच्या पोराने क्षणभर वाट पाहिली आणि शेवटच्या दोन्ही ओळी एकट्यानेच वाजवल्या. काका कठड्याला टेकून बसले होते. बोटं मात्र बटणांवर चालूच होती, एकही सूर न चुकता.