पवईची त्रिदल गाठ

गाठीभोवतीची भरीव नळी त्रिमितीय अवकाशातून कापून काढायची आणि पीळ बदलून त्याच पोकळीत पुन्हा चिकटवायची, या क्रियेला संस्थितीशास्त्रात शस्त्रक्रिया म्हणतात. माक्स डेन यांनी ती १९१० साली मांडली. गाठ उपग्रह जातीची असली की काम अवघड होते. एखाद्या सोबती गाठीची जाड नळी कल्पून तिच्या आत दुसरी दोरी फिरवली की उपग्रह गाठ तयार होते. ही दोरी नळीच्या पृष्ठभागालगत नेमाने गुंडाळली, तर तिला केबल म्हणतात. होर्स्ट शुबर्ट यांनी १९५३ साली या रचनेचा पाया घातला.

मुंबईत मात्र गाठी आल्या त्या बैजिक भूमितीच्या वाटेने. कार्ल ब्राउनर यांनी १९२८ मध्ये दाखवले होते की संमिश्र समतलातील वक्राच्या विचित्र बिंदूभोवती लहान गोल घेतला, तर वक्राची एक शाखा त्या गोलाला केबलवर केबल चढवलेल्या गाठीत छेदते. ऑस्कर झारिस्की यांनी १९३२ मध्ये ही गाठ वक्राच्या मोजक्या घातांकांशी नेमकी जोडली. (क्ष⁴, क्ष⁶ + क्ष⁷) हा वक्र घेतला, तर तीन छेदांच्या त्रिदल गाठीभोवती नळीच्या लांबीने दोनदा आणि घेराने तेरा वेळा फिरणारी केबल मिळते. तिच्यावर २५ या मूल्याची शस्त्रक्रिया केली की दोन भरीव कडी जोडून होणारे साधे लेन्स अवकाश हाती येते. तेराऐवजी अकरा फेऱ्यांच्या केबलवर २३ मूल्याने असेच घडते, हे बेली आणि रॉल्फसन यांनी १९७७ मध्ये दाखवले, तेव्हा ते अनपेक्षित होते. कॅमेरॉन गॉर्डन यांनी १९८३ मध्ये उपग्रह गाठींचा व्यापक विचार केला. १९९० पर्यंत ब्लायलर व लिदरलँड, वांग आणि वू यांच्या कामातून निष्पन्न झाले, की लेन्स अवकाश देणाऱ्या उपग्रह गाठी केवळ याच घराण्यातल्या केबल असतात.

झारिस्की यांचे हार्वर्डमधील शिष्य श्रीराम अभ्यंकर. जन्म उज्जैनचा, १९३०चा. पदवी मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून, डॉक्टरेट १९५५ची. त्यांनी मोह यांच्यासह १९७५ मध्ये सिद्ध केले, की समतलात बहुपदींनी बसवलेली रेषा बहुपदी बदलांनीच पुन्हा सरळ करता येते. ली रुडॉल्फ यांनी १९८२ मध्ये याच प्रमेयाची सिद्धता गाठींच्या आधारे दिली. सगळा भर घातांकांच्या हिशेबावर असलेल्या प्रमेयाला गाठींनी इतक्या सहज उलगडावे, ही या इतिहासातली फार सुंदर घटना आहे. त्रिमितीत मात्र प्रत्येक रेषा अशी सरळ होणार नाही, असा अभ्यंकरांचा तर्क होता.

तो तर्क मुंबईत अनंत शास्त्री यांनी उचलला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या शास्त्रींनी पुढे पवईच्या आयआयटीत दीर्घकाळ अध्यापन केले. शास्त्रींचा निबंध १९९२ मध्ये जपानच्या 'तोहोकू' गणितपत्रिकेत आला. दोन्ही टोके अनंताकडे जाणारी कोणतीही गाठ तीन बहुपदींनी लिहिता येते, असे त्यात सिद्ध केले आहे. त्रिदल गाठीसाठी त्यांनी दिलेली बहुपदी अशी: क्ष³ − ३क्ष, क्ष⁴ − ४क्ष² आणि क्ष⁵ − १०क्ष. पहिल्या दोहोंनी कागदावर तीन छेद पडतात. तिसरी प्रत्येक छेदावर कोणता धागा वर हे ठरवते, आणि वक्रावरून चालत गेल्यास खाली-वर हा क्रम अखंड पाळला जातो. पाचव्या घातापर्यंतच्या तीन राशींत अख्खी गाठ मावते. रमा मिश्रा यांनी बहुपदी गाठींचा हा अभ्यास पवईतच सुरू करून पुढे नेला.

वास्तव संख्यांवर ही त्रिदल गाठ सरळ होत नाही, हे उघड आहे. पण हेच सूत्र संमिश्र संख्यांवर घेतले तर प्रश्न वेगळा होतो. चार किंवा अधिक मितींत प्रत्येक संमिश्र रेषा सरळ करता येते, हे येलोनेक यांनी १९८७ मध्ये सिद्ध केले. दोन मितींचे उत्तर अभ्यंकर आणि मोह यांनी आधीच दिले होते. त्यामुळे सगळा पेच तीन मितींवर येऊन ठेपतो, आणि तिथे तपासायला शास्त्रींची त्रिदल गाठ हे एक छोटे उदाहरण ठरते.