यादीतला बारावा

गेल्या फेब्रुवारीत मामाकडे देवगडला गेले होते. एका रात्री साडेअकराच्या सुमारास मामेभावाला झोपेतून उठवून किनाऱ्यावर नेलं. दक्षिणेला अगस्त्य किंचित पश्चिमेकडे कलला होता. मी त्याच्या डावीकडे, थोडं वर, बराच वेळ एकटक बघत उभी होते.

“काय दिसता गो?” त्याने विचारलं.

“काहीच नाही.”

“मगे बघतंस कित्याक?”

प्रश्न रास्त होता. मी बघत होते तिथे सुमारे 36 अंश रुंदीचा एक तेजोमेघ पसरलेला आहे. हात लांब करून मूठ धरली, तर ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. म्हणजे हा साडेतीन मुठींएवढा. पौर्णिमेचे सत्तरेक चंद्र एका ओळीत मांडले, तर एवढी रुंदी होईल. पण डोळ्यांना तो अजिबात दिसत नाही. त्याचं नाव गम तेजोमेघ. कॉलिन गम नावाच्या ऑस्ट्रेलियन खगोलशास्त्रज्ञाने केलेल्या यादीत त्याचा क्रमांक 12 आहे.

या यादीपर्यंत मी पोचले ती माझ्याच एका चुकीमुळे. माझं काम जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवण्याचं. दोन वर्षांपूर्वी मी दोन ग्राहकांच्या नोंदी एकत्र केल्या. नाव सारखं, गाव सारखं, म्हणून माणूस एकच, असं मी धरून चालले. माणसं दोन निघाली. त्यांचे हिशेब वेगळे करायला आम्हाला तीन आठवडे लागले, कारण कोणत्या नोंदी का जोडल्या हे मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. तेव्हापासून कुठलीही यादी दिसली की मी आधी एकच गोष्ट तपासते: ही हातात घेऊन दुसऱ्या माणसाला ती वस्तू सापडेल का?

दक्षिण आकाशातल्या तेजोमेघांच्या याद्यांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

पहिली महत्त्वाची यादी निकोला-लुई द लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची. 1751 ते 1753 या काळात तो केप टाउनला होता. अर्धा इंच व्यासाच्या, आपल्या हातातल्या दुर्बिणीपेक्षाही बारक्या भिंगातून त्याने सुमारे दहा हजार ताऱ्यांच्या जागा मोजल्या. त्या मोजताना जे धूसर दिसलं, त्याची 42 नोंदींची यादी त्याने 1755 मध्ये छापली. तीन वर्ग, प्रत्येकात बरोबर 14. त्यातल्या काही ‘तारे नसलेल्या’ धूसर ठिपक्यांत प्रत्यक्षात हजारो तारे आहेत. त्याच्या भिंगाला ते सुटे दिसले नाहीत, एवढंच. वर्गवारी चुकली, पण जागा नीट नोंदवलेल्या होत्या. म्हणून पुढच्यांना त्या वस्तू सापडल्या आणि वर्गवारी दुरुस्त करता आली.

उलट उदाहरण जेम्स डनलॉपचं. त्याने सिडनीजवळच्या पॅरामॅटाहून निरीक्षणं करून 1828 मध्ये तब्बल 629 नोंदींची यादी प्रसिद्ध केली. काही वर्षांनी, 1834 मध्ये, जॉन हर्शल सव्वाअठरा इंची दुर्बीण घेऊन केप टाउनला आला आणि चार वर्षं राहिला. डनलॉपच्या नोंदी तपासताना त्याला फक्त 211 जुळवता आल्या. उरलेल्यांपैकी काही नंतर सापडल्या, काही कधीच नाहीत. डनलॉपने रात्रीच्या रात्री जागवल्या होत्या. पण जागा चुकलेली नोंद पुढच्या माणसाच्याही रात्री खाते. हे वाचताना मला माझे ते तीन आठवडे आठवले.

तोवर तेजोमेघ म्हणजे नक्की काय, हेच ठरलेलं नव्हतं. दूरचे असंख्य तारे, की खरोखरचा वायू? 1864 मध्ये विल्यम हगिन्सने इंग्लंडमधून कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्यासारखा सलग रंगपट्टा न दिसता मोजक्या चमकदार रेषा दिसल्या. म्हणजे तो वायूच होता. अशा स्वतः प्रकाशणाऱ्या वायूच्या ढगांना आता उत्सर्जन तेजोमेघ म्हणतात. अनेक ढगांच्या आत किंवा जवळ अतितप्त तारे असतात. त्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो. तो पुन्हा अणूशी जोडला जाऊन खालच्या पातळीवर उतरताना ठरावीक रंगाचा प्रकाश देतो. त्यात ठळक असतो 656.3 नॅनोमीटरचा लाल रंग.

गोची इथेच आहे. अंधारात आपल्या डोळ्यांना लाल रंग जवळपास दिसत नाही. सुरुवातीच्या फोटोच्या काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, त्याही लालच्या बाबतीत आंधळ्याच. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यातही अवरक्त किरण अडवणारा फिल्टर असतो, आणि तो जाता जाता या लाल प्रकाशाचाही बराच भाग गाळतो. नाइट मोडने आकाशगंगा येते, हे ढग मात्र फिकट येतात किंवा येतच नाहीत. ते टिपायचे तर लाल प्रकाश धरणारी काच हवी, बाकीचे रंग अडवणारा फिल्टर हवा, आणि पसरट ढगांसाठी आकाशाचा रुंद तुकडा एकदम पाहणारा कॅमेरा हवा. दुर्बीण मोठी असून भागत नाही. मोठी दुर्बीण आकाशाचा फार छोटा तुकडा पाहते. डोंगराला नाक लावून उभं राहिलं तर डोंगर दिसत नाही, तसं.

1951 मध्ये या कामाला एकदम निकड आली. अमेरिकेत विल्यम मॉर्गन, स्ट्यूअर्ट शार्पलेस आणि डोनाल्ड ऑस्टरब्रॉक यांनी तप्त तारे आणि त्यांच्याभोवतीचे तेजोमेघ नकाशावर मांडून आपल्या आकाशगंगेच्या सर्पिल भुजांचे तुकडे दाखवले. आपण ज्या घरात राहतो त्याचा आराखडा पहिल्यांदाच दिसू लागला. पण उत्तरेकडून दक्षिणेचं बरंचसं आकाश दिसतच नाही. शार्पलेसच्या 1959 च्या प्रसिद्ध यादीत 313 नोंदी आहेत, आणि ती उणे 27 अंश क्रांतीवर थांबते.

उरलेला भाग कॉलिन गम यांनी हाती घेतला. जन्म 1924 चा. कॅनबेराजवळच्या माउंट स्ट्रॉम्लो वेधशाळेत त्यांनी दक्षिणेकडच्या आकाशगंगेचा लाल प्रकाशातला आढावा घेतला आणि 1955 मध्ये 85 नोंदींची यादी प्रसिद्ध केली. बाराव्या क्रमांकाचा अवाढव्य ढग कुठल्याच जुन्या यादीत नव्हता. जुन्या ओळखीच्या ढगांनाही नवे क्रमांक मिळाले. हर्शलने महिनोन्‌महिने खपून ज्याचं चित्र काढलं होतं, तो कराइना तेजोमेघ ड्रायरच्या 1888 च्या एनजीसी यादीत 3372 होता. गम यांच्या यादीत तो 33 झाला. 1960 मध्ये स्ट्रॉम्लोच्याच रॉजर्स, कॅम्पबेल आणि व्हाइटओक या तिघांनी 182 नोंदींची पुढची यादी केली. तिच्यात तो 53 आहे. तीन क्रमांक, वस्तू एकच. फरक इतकाच की इथे कुठला क्रमांक कुठल्याशी जुळतो हे लिहून ठेवलेलं आहे.

ही दुसरी यादी आली त्याच वर्षी, एप्रिल 1960 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटजवळ स्कीइंग करताना झालेल्या अपघातात गम वारले. वय 35. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे.

18 जानेवारी 2003 ला वणवा माउंट स्ट्रॉम्लोवर पोचला. दुर्बिणी जळाल्या, ग्रंथालयही गेलं. यादी मात्र कुठेच गेली नाही. तोवर ती जगभरच्या कपाटांत आणि सर्व्हरवर होती, आणि गम 12 म्हटलं की कुठे बघायचं हे कोणालाही कळत होतं.

त्या रात्री मामेभावाला मी फोनवर गम तेजोमेघाचा फोटो दाखवला. लाल, जाळीदार, फाटक्या पदरासारखा. त्याने फोन आकाशासमोर धरला, अगस्त्य कुठे आहे ते विचारून घेतलं, मग फोन खाली घेतला आणि त्या काळ्या जागेकडे बघत राहिला. बराच वेळ. दिसत तर काहीच नव्हतं.

पुण्याला परतल्यावर सोमवारी मी आमच्या सिस्टिममध्ये एक नवा रकाना टाकला: ‘ही नोंद का जोडली’. अजून कोणी तो उघडून पाहिलेला नाही. मी मात्र तो रोज भरते.