कूलर, एसी आणि गिझर : आमगावात दुरुस्तीसाठी कोणाकडे जावे?

महाकवी भवभूतीची जन्मभूमी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पद्मपूरच्या शेजारी वसलेले आमगाव हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरील स्थानक, सभोवती धानाची शेती, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमाही फार दूर नाहीत. उन्हाळा मात्र अस्सल विदर्भाचा. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू झाला की भर दुपारी रस्ते ओस पडतात. अशा दिवसांत घरातील कूलर बंद पडणे ही केवळ गैरसोय नसते. घरात तान्हे मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर उष्माघाताची भीती दाराशी येऊन ठेपते.

मुंबई-पुण्यात एका दूरध्वनीवर तंत्रज्ञ घरी येतो. आमगावात तशी सोय सहसा नसते. याचा अर्थ येथे मदत मिळत नाही, असा नव्हे. ती एका छपराखाली नाही, इतकेच. कूलरची ताटी बदलणारा वेगळा, मोटार बांधणारा वेगळा, घरातील वायरिंग पाहणारा वेगळा आणि वातानुकूलन यंत्रात गॅस भरणारा तर बहुधा गोंदियाहून येणारा. कोणता बिघाड कोणाच्या अखत्यारीतला, हे ग्राहकाला ठाऊक असले की निम्मे काम झाले. नेमके तेच ठाऊक नसल्याने भलत्याच माणसाला बोलावले जाते आणि पैसे दोनदा मोजावे लागतात.

कूलरचे कारागीर

कूलरची रचना साधी आहे. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत ओढली जाते, ताटीतील पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्च होते आणि हवा थंड होते. तापमान ४४ अंश आणि हवेतील आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असताना चांगला कूलर २८ ते ३० अंशांची हवा देऊ शकतो. तासाला पाच लिटर पाण्याची वाफ झाली, तर सुमारे एक टन क्षमतेच्या वातानुकूलन यंत्राएवढी उष्णता त्या हवेतून काढली जाते, तीही पंखा आणि पंप चालविण्यापुरत्या विजेत. विदर्भात कूलर घरोघरी पोहोचला त्याचे कारण केवळ गरिबी नव्हे, कोरडी हवा हेही आहे. मृग नक्षत्र लागून हवा दमट झाली की हाच कूलर निरुपयोगी वाटू लागतो. तो बिघाड नव्हे. अशा वेळी कारागीर बोलावू नये. पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. भर उन्हाळ्यातही हवा थंड लागत नसेल, तर आधी समोरची खिडकी उघडून पाहावी. आलेल्या हवेला बाहेर जाण्यास वाट नसेल तर खोली दमट होते आणि दोष कूलरला लागतो.

ताटी दर हंगामात बदलावी. लाकडाच्या तंतूंची, म्हणजे वुडवूलची ताटी स्वस्त, वाळ्याची सुगंधी आणि महाग, तर कागदी जाळीचा हनीकोंब पॅड नीट जपला तर एकाहून अधिक हंगाम टिकतो. बोअरवेलचे पाणी जड असेल, तर क्षारांचा पांढरा थर बसून पॅड आणि पंप दोन्ही चोंदतात. ठराविक दिवसांनी टाकीतील सर्व पाणी बदलणे हाच त्यावरील उपाय. ताटी भरणे, पंप बदलणे, टाकीची गळती बुजविणे ही कामे कूलर विकणारे वा पत्र्याचे काम करणारे दुकानदार करतात. सवड असल्यास घरच्या घरीही ती होतात.

पंखा फिरत नाही, पण हलका गुणगुणतो आणि हाताने ढकलल्यास सुरू होतो, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा कपॅसिटरचा असतो. बाजारात त्याला कंडेन्सर म्हणतात. तो अल्प किमतीत मिळतो आणि कोणताही इलेक्ट्रिशियन बसवून देतो. हाताने ढकलण्याचा प्रयोग मात्र ग्राहकाने स्वतः करू नये. मोटार जळाल्याचा वास आला किंवा ती हाताला चटका देण्याइतकी तापत असेल, तर वायंडिंगवाल्याकडे जावे लागते. येथे धानपट्ट्यातील एक व्यावहारिक अडचण लक्षात घ्यावी. मोटार बांधणारा कारागीर शेतीपंपांचेही काम करतो, आणि उन्हाळी धानाला पाणी देण्याचे दिवस व कूलर लावण्याचे दिवस एकच. शेतकऱ्याचे पीक वाळत असताना त्याचा पंप आधी बांधला जाणार, हे न्याय्यच आहे. म्हणून कूलर होळीपूर्वी उतरवून, चालवून पाहावा. फेब्रुवारीत मोटार नेल्यास कारागिराला सवड असते. मे महिन्यात तीच मोटार रांगेत पडून राहते. मोटार परत घेताना तार तांब्याची की ॲल्युमिनियमची, हे विचारावे, ते पावतीवर लिहून घ्यावे आणि अर्धा तास चालवून दाखविण्याचा आग्रह धरावा.

सर्वांत आधी अर्थिंग

आमगावच नव्हे, साऱ्या विदर्भातील वाचकांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. पत्र्याचा कूलर, पाणी आणि वीज हे तिन्ही जेथे एकत्र येतात, तेथे एका उघड्या तारेने जीव जाऊ शकतो. कूलरचा धक्का लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या उन्हाळ्यात वरचेवर वाचाव्या लागतात. अशा अपघातांमागची कारणे ठरलेली आहेत. पंपाच्या वायरचे आवरण फाटलेले असते, तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांचा लावलेला असतो, किंवा तिसरी हिरवी तार कोठेच जोडलेली नसते. काही ठिकाणी अर्थिंगच्या जागी न्यूट्रलची तार जोडून वेळ मारून नेली जाते. ही पळवाट नसलेल्या अर्थिंगपेक्षाही घातक आहे, कारण न्यूट्रल तुटताच कूलरच्या संपूर्ण पत्र्यात वीज उतरू शकते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. अर्थिंगचा खड्डा ओलाव्यावर अवलंबून असतो. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात जमीन वाळल्यावर दुबळे होते, म्हणजे कूलर अहोरात्र चालतो नेमक्या त्याच काळात. त्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. शिवाय मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच बसवून घ्यावे. पूर्वी त्याला ईएलसीबी म्हणत, आता आरसीसीबी म्हणतात. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून ते पडते की नाही, हे पाहावे.

हे काम कोणाकडून करावे? महावितरणची जबाबदारी साधारणपणे मीटरपर्यंत असते. मीटरच्या पुढची वायरिंग घरमालकाची. त्यामुळे घरातील अर्थिंगसाठी लाइनमनला बोलावणे चुकीचे. शासनाचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार किंवा परवानाधारक वायरमन यांच्याकडूनच ते करून घ्यावे आणि परवाना पाहण्यास संकोच करू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, वीजतंत्री व तारतंत्री हे व्यवसाय शिकविले जातात. ओळखीचा माणूस नसेल, तर जवळच्या आयटीआयमधील निदेशकांना विचारावे. आपले कोणते विद्यार्थी परिसरात चांगले काम करतात, हे त्यांना ठाऊक असते. व्होल्टेज सतत कमी येत असेल किंवा खांबावरून ठिणग्या पडत असतील, तर मात्र ते महावितरणचे काम; तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदविता येते.

कूलरमध्ये पाणी भरताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा. कोणाला धक्का बसलाच, तर त्या व्यक्तीला हात न लावता मुख्य स्विच बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वातानुकूलन यंत्र

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतही एसी दिसू लागले आहेत. ते घेण्यापूर्वी दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर न विसंबता कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर आमगावचा पिन कोड, म्हणजे ४४१९०२ सांगून दोन प्रश्न विचारावेत : या पत्त्यावर तंत्रज्ञ घरी येतो काय, आणि तो गोंदियाहून येतो की दीडशे किलोमीटरवरील नागपूरहून? हमीच्या काळातही प्रवासखर्च मागितला जाणार असेल, तर तो आधीच कळलेला बरा. नागपुरात दोन-तीन हजार रुपये स्वस्त मिळाले म्हणून आणलेले यंत्र पुढे त्याच कारणाने महाग पडते. घरातील मंजूर वीजभार पुरेसा आहे की नाही, हेही वीज बिलावर पाहून घ्यावे. दीड टनी यंत्र दीड किलोवॅट किंवा त्याहून अधिक वीज घेऊ शकते. पंख्याच्या जुन्या वायरवर ते जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण.

जाळी धुणे, पाण्याची नळी साफ करणे ही कामे स्थानिक कारागिराकडून खुशाल करून घ्यावीत. गॅसचे काम मात्र सावधपणे सोपवावे. वाहनातील इंधनाप्रमाणे एसीतील गॅस वापराने संपत नाही. तो बंदिस्त नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला तर त्याचा अर्थ गळती एवढाच. 'दरवर्षी गॅस भरावा लागतो' असे सांगणारा माणूस गळती न शोधता दरवर्षी पैसे घेणार, हे ओळखावे. खरा तंत्रज्ञ नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधतो, जोड बुजवितो, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढतो आणि नंतर गॅस वजन करून भरतो. वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप त्याच्याजवळ नसेल, तर त्याला परत पाठवावे.

कोणता गॅस, हा प्रश्नही आता महत्त्वाचा झाला आहे. ओझोनच्या थराला अपायकारक असलेला आर-२२ हा गॅस १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने हद्दपार होत आहे. त्याऐवजी अनेक नव्या यंत्रांत आर-३२ असतो, तर काहींत आर-२९०, म्हणजे प्रोपेन असतो. पहिला सौम्य ज्वलनशील, दुसरा चांगलाच ज्वलनशील. जुन्या सवयीने नळी उघडून जळती टॉर्च लावणारा कारागीर येथे स्वतःचा आणि घरातल्यांचाही जीव धोक्यात घालतो. गॅसचे नाव आणि वजन यंत्राच्या पाटीवर छापलेले असते. काम सुरू होण्यापूर्वी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. आयटीआयमध्ये प्रशीतन व वातानुकूलन तंत्री हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याचे प्रमाणपत्र असलेला माणूस गोंदियाहून बोलवावा लागला आणि एक दिवस थांबावे लागले, तरी चालेल. तोवर कूलर आहेच.

डास आणि थंडी

कूलरची टाकी हे डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाचे आवडते ठिकाण. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करावी. नुसती रिकामी करून भागत नाही. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. ब्रशने घासूनच ती निघतात. पावसाळ्यात अडगळीत ठेवलेल्या कूलरमध्ये पाणी साचू नये, याचीही काळजी घ्यावी.

गोंदिया जिल्ह्यातील हिवाळाही कडक असतो. खोली तापविण्याची यंत्रे येथे थोडी, पण गॅस गिझर, पाण्यात सोडण्याचा विजेचा रॉड आणि शेगडी ही तिन्ही धोक्याची. बंद न्हाणीघरातील गॅस गिझर किंवा दारे-खिडक्या लावून पेटविलेली शेगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू साचतो. गिझर न्हाणीघराबाहेर बसवून घ्यावा. ते शक्य नसेल तर झरोका कायम उघडा ठेवावा. ज्योत निळी न राहता पिवळी दिसू लागली, तर तो वापरणे थांबवून तंत्रज्ञ बोलवावा.

फसवणूक झाल्यास

काम लहान असले तरी पावती घ्यावी आणि बदललेला जुना भाग परत मागावा. जळालेल्या मोटारीतील तांब्यालाही भंगारात किंमत असते. ती मजुरीत वळती केली की नाही, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे यंत्र नागपुरात घेतले असले, तरी आमगावकराला नागपूरच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. गोंदियात दाद मागता येते. मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि वकील लावण्याचे बंधनही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.