४,२९,४९,६७,२९७ (फेर्मा संख्या)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दोनच्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी विषम संयुक्त संख्या. पाचवी फेर्मा संख्या (ज्याचा घातांकही दोनचाच घात आहे अशा दोनच्या घातात १ मिळवून येणारी; क्रम शून्यापासून). आधीच्या पाच, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, मूळ संख्या असल्याने पुढच्याही तशाच असणार, असे फ्रेंच गणिती फेर्मा याने १६४० मध्ये मानले. अंदाज चुकला. ऑयलरने १७३२ मध्ये तिचे अवयव दिले : ६४१ × ६७,००,४१७. दोन्ही मूळ संख्या आहेत.

तिचा मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असावा लागतो. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ एवढे तपासले की पाचव्या खेपेला ६४१ हाती लागतो. फेर्मासारख्या गणित्याकडून तो निसटावा, हे नवलच. पडताळा देखणा आहे. ६४१ = ५ × १२८ + १ = ६२५ + १६. पहिल्या रूपावरून, ५ च्या चौथ्या घाताला २ च्या २८ व्या घाताने गुणून ६४१ ने भागल्यास बाकी १ उरते. दुसऱ्या रूपामुळे ६२५ ऐवजी −१६ घेता येतात. मग २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते आणि १ मिळवताच भाग निःशेष जातो.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ती दोन प्रकारे लिहिता येते : ६५,५३६ व १, किंवा ६२,२६४ व २०,४४९ यांचे वर्ग. इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी-कंपासने काढता येत नाही. दोनने कमी, ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा मात्र तत्त्वतः काढता येतो. ६५,५३७ नंतरची एकही मूळ फेर्मा संख्या अद्याप सापडलेली नाही.