नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, रत्नागिरी जिल्हा, ६ डिसेंबर १८६१; मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी व प्रॉटेस्टंट धर्मचिंतक होते. त्यांचे प्राथमिक शिक्षण आजच्या ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे झाले. पुढे नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले.

१८९३ साली रेल्वेप्रवासात एका सहप्रवाशाने दिलेला ‘नवा करार’ त्यांच्या धर्मांतरास निमित्त ठरला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली. तो काळ ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंच्याच शब्दांत वाचण्याजोगा आहे.

ख्रिस्ती होण्यासाठी संतपरंपरा टाकावी लागते, हे टिळकांना मान्य नव्हते. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. अभंग व कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजवले. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. मिशनच्या चौकटीत हे बसणे कठीणच होते. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे अपूर्ण महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.