सपाट छतासाठी कोणतं मेंब्रेन? पीव्हीसी, टीपीओ आणि ईपीडीएम, दाभोळच्या हवेत

दाभोळ वाशिष्ठीच्या मुखाशी, अगदी समुद्राला लागून. चार महिने धुवाधार पाऊस आणि बारा महिने खारा वारा. अशा ठिकाणी लॉज, गोदाम किंवा बर्फाच्या कारखान्याचा स्लॅब गळायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘वर पत्र्याची शेड टाका.’ पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्यातले पत्रे कसे उडाले, ते इथे कुणाला वेगळं सांगायला नको. मग दुसरा पर्याय काय? सिंगल-प्लाय मेंब्रेन.

सिंगल-प्लाय म्हणजे काय?

सिंगल-प्लाय म्हणजे एकपदरी. कारखान्यात तयार झालेली, साधारण १.२ ते २ मिलिमीटर जाडीची शीट छतावर अंथरायची, एकीची कड दुसरीवर चढवायची आणि जोड पक्का करायचा. १.५ मिलिमीटरच्या शीटचं वजन चौरस मीटरला सुमारे २ किलो. तेवढ्याच जागेत चार इंची ब्रिक बॅट कोबा दीडशे किलोंच्या वर जातो. जुन्या स्लॅबसाठी हा फरक मोठा आहे. मात्र पदर एकच असल्यामुळे चूक झाली तर ती सांभाळून घ्यायला खाली दुसरा पदर नसतो.

तीन पर्याय

*पीव्हीसी:* जोड गरम हवेच्या मशीनने वितळवून करतात, त्यामुळे दोन शीट एकजीव होतात. तेल आणि चरबीला तिघांत हीच जास्त दाद देत नाही. हॉटेलच्या किचनचा धूर जिथे छतावर निघतो, तिथे हा गुण महत्त्वाचा. शीट मऊ राहावी म्हणून घातलेली द्रव्यं वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातात आणि ती कडक होत जाते, ही तिची कमजोरी. जुन्या डांबरी शीटवर पीव्हीसी थेट टाकू नका. मध्ये जिओटेक्स्टाइलचा थर हवाच.

*टीपीओ:* हिचेही जोड गरम हवेचेच. बहुतेकदा पांढरी मिळते, त्यामुळे ऊन परतवते आणि खालची खोली कमी तापते. १९९० च्या दशकात बाजारात आलेल्या सुरुवातीच्या काही शीट उन्हात लवकर खराब झाल्या. नंतर मिश्रणं सुधारली. म्हणून घेताना जाडी आणि उन्हाच्या चाचणीचा अहवाल दोन्ही मागा.

*ईपीडीएम:* हे कृत्रिम रबर. १९६० च्या दशकापासून छतांवर वापरात आहे, ऊन चांगलं सोसतं, ताणलं तरी फाटत नाही. शीट खूप रुंद मिळते, म्हणजे जोड कमी. पण जोड वितळवून होत नाहीत. प्रायमर आणि टेप लावावी लागते, आणि त्यासाठी जागा कोरडी व स्वच्छ हवी. डिझेल, तेल, ग्रीस लागलं की रबर फुगतं. काळी शीट तापतेही जास्त.

खरी परीक्षा जोडाची आणि कडेची

शीट कुठलीही घ्या, पाणी शिरतं ते बहुधा जोडातून, पाइपाच्या भोवतीने आणि पॅरापेटच्या कोपऱ्यातून. वादळात वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त असते ती छताच्या कडेला आणि कोपऱ्यांत. तिथली शीट धातूच्या पट्टीने आवळलेली नसेल तर ती तिथूनच सोलायला लागते. खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजतात. स्टेनलेस स्टीलचेच मागा.

काम पावसाळा संपून स्लॅब नीट वाळल्यावर करा. ओल्या स्लॅबवर चिकटवलेली शीट उन्हात फुगे धरते. उतार १:१०० पेक्षा कमी असेल तर आधी उतार दुरुस्त करा. मेंब्रेन उताराची जागा घेत नाही.

पैसे देण्यापूर्वी

- प्रत्येक जोड थंड झाल्यावर बोथट टोकाच्या हुकाने ओढून तपासा. हुक आत शिरला तर तो जोड कच्चा.
- पाण्याच्या वाटा बंद करून छतावर २४ तास पाणी साठवा आणि खालून बघा. आधी स्लॅब तेवढं वजन पेलेल का, ते इंजिनिअरला विचारा.
- वॉरंटी फक्त मालाची आहे की कामाचीही, ते लेखी घ्या.
- टाकी किंवा एसीपर्यंत चालण्यासाठी वेगळ्या जाड पट्ट्या टाकून घ्या. या गच्चीवर मासळी सुकवणं, खाटा ओढणं बंद.

मग कोणतं घ्यावं?

किचनचा धूर किंवा तेलाचा संबंध असेल तर पीव्हीसी. लॉज, दुकान, ऑफिस अशा साध्या छतासाठी पांढरी टीपीओ. मोठं, मोकळं, पाइप कमी आणि तेलापासून लांब असलेलं छत असेल, किंवा वेल्डिंगवाला वेळेवर मिळण्याची खात्री नसेल, तर ईपीडीएम. त्याचं ठिगळ मशीनशिवाय लावता येतं.

आणि दोन कोटेशनांत शीट सारखीच असेल, तर स्वस्त कोण ते नंतर बघा. जोड कोण करणार आणि त्याने याआधी केलेलं छत किती पावसाळे टिकलंय, ते आधी जाऊन बघा.